५२ वह्या आणि एकच उत्तर: विज्ञान-इतिहासात मुलांचं स्वतःचं लेखन कसं आणायचं?

खडूची_धूळ:

आठवी आणि नववी, मराठी माध्यम, तुकडीत ५२ मुलं. विषय विज्ञान आणि इतिहास. प्रयोगवह्या तपासायला घेतल्या की पाचव्या वहीनंतर सहावी वाचायची गरजच उरत नाही. 'असे आढळून आले की' पासून पूर्णविरामापर्यंत सगळं सारखं, चूकसुद्धा एकाच जागी. इतिहासात 'तुमचे मत लिहा' म्हटलं की ५२ जणांचं मत एकच, आणि तेही फळ्यावरून उतरवलेलं. हीच मुलं मधल्या सुट्टीत क्रिकेटच्या एका धावबादवरून वीस मिनिटं मुद्दा सोडत नाहीत, म्हणजे मत नाही असं नव्हे. मराठीच्या निबंधात थोडं वेगळेपण सापडेल म्हणावं, तर तिथेही सगळ्यांची आई पहाटे पाचला उठते.

विचारायचं ते असं:

१. भाषेचा तास सोडून बाकी विषयांत मुलाचा 'स्वतःचा आवाज' म्हणजे नेमकं काय? प्रयोगवहीत 'मला खूप आनंद झाला' असं लिहून घ्यायचं का?
२. ३५ मिनिटांच्या तासिकेत, अभ्यासक्रम मागे न टाकता, किती आणि कधी लिहून घ्यायचं?
३. तपासायचं कसं? ५२ गुणिले दोन विषय.

'बोर्डात चालणार नाही' हे उत्तर ठाऊक आहे. ते सोडून सांगा.

---

चिमटा_आणि_चंचुपात्र:

आनंद-बिनंद अजिबात नको. विज्ञानात आवाज म्हणजे 'हे मी पाहिलं, म्हणून लिहितोय' एवढं म्हणायची हिंमत. ती आहे की नाही हे तपासायला पाण्याच्या उत्कलनांकाइतका चांगला प्रयोग नाही.

पुस्तकात १०० अंश सेल्सिअस. पण ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला. उंचीवर दाब कमी, त्यामुळे पाणी आधीच उकळतं. ढोबळमानाने दर ३०० मीटरला १ अंश खाली. पुणं साधारण ५६० मीटरवर, म्हणजे तिथं ९८च्या आसपास. महाबळेश्वरला ९५-९६. रत्नागिरीत किंवा मुंबईत मात्र जवळजवळ पुस्तकातला आकडा. आता घाटावरच्या कुठल्याही शाळेतल्या प्रयोगवह्या उघडा, सगळ्यांत १०० लिहिलेलं सापडेल. तापमापीने ९८ दाखवलं, मुलाने ते डोळ्यांनी पाहिलं, आणि वहीत १०० लिहिलं, कारण ९८ लिहिलं तर फुली बसते. मुलाचा आवाज दबतो तो इथं. निबंधाच्या तासाला नव्हे.

करायचं कसं ते सांगतो. तापमापी तीन-चारच असणार हे धरून चाला. चंचुपात्रात १०० मिलीच पाणी घ्या, आणि तेही थर्मासमधून गरम आणलेलं. थंड पाण्यापासून सुरुवात केली तर स्पिरिटच्या दिव्यावर अर्धी तासिका तिथंच जाते. तापमापीचा फुगा पाण्यात पूर्ण बुडालेला, पण तळापासून बोटभर वर. तळाला टेकला तर आकडा चढा येतो. खळखळून उकळी आल्यावर दर मिनिटाला एक रीडिंग, आकडा हलायचा थांबल्यावर आणखी तीन. रीडिंग घेणाऱ्याने ते मोठ्याने बोलायचं नाही. स्वतःच्या वहीत लिहायचं आणि बाजूला व्हायचं, मग पुढचा. एका तापमापीवर सहा जणांनी असं वाचलं की सहा आकडे थोडे थोडे वेगळे येतात. ते सगळे आकडे लिहिणाऱ्याच्या नावासकट फळ्यावर मांडा.

मग लेखन, फक्त सहा-सात ओळी: मला काय दिसलं, पुस्तक काय म्हणतं, फरक कशामुळे असावा याच्या दोन शक्यता, आणि त्यातली एक शक्यता मी कशी तपासेन. 'तापमापीच बिघडलेली असेल' असं एखादा हमखास लिहितो. उत्तम. तिला वितळत्या बर्फात बुडवून शून्य दाखवते का बघायचं, हे त्यानेच सुचवलं पाहिजे. दुसरा म्हणेल की वाचताना डोळा आकड्याच्या समपातळीत नव्हता. तोही बरोबर असू शकतो. उंचीचा मुद्दा तुम्ही आधी सांगू नका. भूगोलात वाचलेला असतो, एखाद्याच्या वहीत आपोआप येतो.

आता भाषेचं. 'घेतली जाते', 'ओतले जाते' हे मराठीत ओझं आहे. कर्ता न सांगता बोलायची सोय मराठीत मुळातच आहे: 'परीक्षानळी घेतली. तीत ५ मिली पाणी ओतलं.' यात 'मी' नाही आणि 'जाते'ही नाही. कृतीला हेच पुरे. निरीक्षणाला मात्र पाहणारा आलाच पाहिजे: 'आम्हाला दिसलं', 'मला ९८ दिसलं, शेजारच्या गटाला ९७'. आणि अनुमानाला मराठीकडे जी शिडी आहे ती वापरा: वाटतं, असावं, असणार, आहे. 'तापमापी बिघडली आहे' आणि 'तापमापी बिघडली असावी' यांत नुसता शैलीचा फरक नाही, पुराव्याचा फरक आहे. मुलाला एवढंच विचारायचं: तू 'असावं' का लिहिलंस, 'आहे' का नाही? याचं उत्तर त्याला देता आलं की ते वाक्य त्याचं झालं.

बिघडतं कुठे, तेही ऐका. ९८ला शाबासकी मिळाली की पुढच्या प्रयोगात काही मुलं मुद्दाम विचित्र आकडे लिहायला लागतात. म्हणून कच्ची नोंद पेनाने, खोडरबर बंद, चुकलं तर एकच आडवी रेघ, आणि खालचा आकडा वाचता आला पाहिजे. दुसरं, प्रत्येक गटात एक हुशार मूल असतं आणि बाकीचे त्याचं लेखनिकाचं काम करतात. गप्पांच्या आधी तीन मिनिटं शांतता, प्रत्येकाने आपापलं लिहायचं, हा नियम मोडू देऊ नका. तिसरी चूक आपली. चांगलं लेखन लगेच वर्गात वाचून दाखवतो, आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या ५१ नकला येतात. वाचायचंच असेल तर एकमेकांशी न जुळणारी दोन वाचा.

---

दप्तरखाना:

इतिहासापुरतं बोलतो. 'तुमचे मत लिहा' हा प्रश्नच चुकीचा आहे. मत मागितलं की मूल शिक्षकाचं मत शोधायला लागतं, आणि सापडतंही. मत मागू नका, निवाडा मागा. दोन साधनं समोर ठेवा, जिथं ती जुळत नाहीत तिथं बोट ठेवायला लावा.

१९७२चा दुष्काळ यासाठी अजून हाताशी आहे, कारण तो आठवणारी माणसं घराघरांत आहेत. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं माणूस आता साठीच्या पुढे आहे. मुलाने एकाच माणसाला चारच प्रश्न विचारायचे: काय खात होता, पाणी कुठून यायचं, कामाला कुठं जात होता, मजुरी कशी मिळायची. 'तुम्हाला कसं वाटलं?' हा प्रश्न नको, त्याला 'फार वाईट दिवस होते बाबा' एवढंच उत्तर येतं. खाण्यापिण्याचं विचारलं की सुकडी (दुष्काळात वाटलेला कोरडा पोषक आहार), मिलो (आयात केलेली लाल ज्वारी), खडी फोडणं, नालाबांध असे शब्द आपणहून येतात. ते शब्द जसेच्या तसे टिपायचे, तिथल्या तिथं, घरी जाऊन आठवून नव्हे.

दुसऱ्या दिवशी वर्गात १२ ओळी. त्यात तीन ओळी सांगणाऱ्याच्या तोंडच्या, अवतरणचिन्हात. तीन ओळी पुस्तकातून किंवा दुसऱ्या मुलाने टिपलेल्या माहितीतून. उरलेल्या सहा स्वतःच्या: कुठं जुळतं, कुठं नाही, आणि कुठल्या बाबतीत कोणावर विश्वास ठेवायचा. उदाहरण घ्या. आजी म्हणते, '७२ साली मी हमीच्या कामावर होते.' रोजगार हमीचा कायदा १९७७चा. मग आजी चुकली का? की कायद्याच्या आधीही कामं निघाली होती आणि लोक त्यांना नंतरच्या नावाने ओळखतात? यावर मुलाने लिहिलेल्या चार ओळी म्हणजे इतिहासलेखन. आजीची आठवण चवीच्या आणि अंतराच्या बाबतीत पक्की असते, सालाच्या बाबतीत कच्ची. बंधाऱ्यावरच्या कोनशिलेचं नेमकं उलट. हे मुलाला स्वतःला उमगलं की 'माझ्या मते' हे शब्द न लिहिताही मत दिसतं.

शहरात ७२ चालत नसेल तर पुण्यात पानशेतची धरणफुटी (१२ जुलै १९६१), मुंबईत १९८२चा गिरणी संप, लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३). पण किल्लारीबद्दल विचारताना सांभाळून. ज्या घरातली माणसं गेली तिथं मुलाला वही घेऊन पाठवू नये.

आणखी एक. आठवीला शाळकरी मुलीने लिहिलेलं, छापून आलेलं लेखन दाखवायचं तर मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय चौदाच्या आसपास, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध, १८५५मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापलेला. त्यातलं अर्धं पान पुरतं. मुलांना तीन रंगांत रेघा मारायला सांगा: जिथं ती पाहिलेली गोष्ट सांगते, जिथं ती तर्क करते, जिथं ती थेट कोणाला तरी प्रश्न विचारते. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नाही हे पाहिलेलं. वेदांवर आमचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, हा तर्क, आणि त्याच श्वासात प्रश्नही. 'मला वाईट वाटतं' यावर तो निबंध उभाच नाही. रेघा मारून झाल्या की मुलांनी स्वतःच्या आधीच्या लेखनावर तेच तीन रंग वापरायचे. बहुतेक वह्यांत एकाच रंगाच्या रेघा निघतात किंवा एकही निघत नाही. त्यावर आपण काही बोलायची गरज नसते.

---

पक्ष_साध्य:

गणिताबद्दल कोणी विचारलं नाही, तरी थोडक्यात.

भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता हा साचा आहे आणि तो मोडायचा नाही. सिद्धता लिहिणारा प्रत्येक पायरीला 'का' सांगतो, तोच त्याचा आवाज. पण पाठ केलेल्या सिद्धतेत तो ऐकू येत नाही. त्यासाठी चुकलेलं गणित द्या. फळ्यावर लिहा: ३/४ + २/५ = ५/९. आता ज्याने हे सोडवलं त्याला पाच ओळींची चिठ्ठी लिहायची. अट अशी की बरोबर उत्तर सांगायचं नाही आणि 'छेद समान कर' असंही नाही. चूक त्याची त्यालाच सापडली पाहिजे. बहुतेक मुलं सुरुवातीला नियमच लिहितात. एखादी लिहिते, 'तुझ्याकडे पाऊण भाकरी होती, त्यात मी आणखी घातली, आणि तुझ्या उत्तरात ती पाऊणपेक्षा कमी कशी झाली?' झालं. ५/९ हे ३/४ पेक्षा लहान आहे हे तिला दिसलं.

आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं. 'सोपं आहे' आणि 'असतंच' हे दोन शब्द चिठ्ठीत बंद.

---

वऱ्हाडी_ठेचा:

वरच्या सगळ्यात एक गोष्ट राहिली. लाल पेन.

मूल लिहितं, 'मले दिसलं का पानी आटलं.' पाच शब्दांचं निरीक्षण, बिनचूक. आपण 'मले'ला गोल, 'का'ला गोल, 'पानी'ला गोल. पुढच्या वेळी ते गाईडातलं वाक्य उतरवतं, कारण त्यात गोल येत नाहीत. मुलाला हा साधा हिशोब कळतो.

म्हणून दोन टप्पे करा, आणि खरोखर वेगळे ठेवा. पहिला खर्डा घरच्या बोलीत आला तरी चालेल, त्यावर शुद्धलेखनाची एकही खूण नको, समासात फक्त एक प्रश्न. 'किती वेळात आटलं?' 'ताटलीत आणि पेल्यात सारखंच?' पक्क्या लेखनात प्रमाणभाषा आणायची, पण एका वेळी तीनच दुरुस्त्या. त्या तीन झाल्या की पुढच्या तीन पुढच्या लेखनात. पारिभाषिक शब्द मात्र पहिल्या खर्ड्यापासून पुस्तकातलेच: बाष्पीभवन म्हणजे बाष्पीभवन.

आणि घरचा शब्द प्रत्येक वेळी कच्चा असतो असं समजू नका. मृदेच्या धड्यात पुस्तक जेवढे प्रकार सांगतं त्याहून जास्त नावं शेतकऱ्याच्या मुलाला येतात: भारी, हलकी, मुरमाड, बरड, चोपण. 'चोपण'मध्ये पाणी मुरत नाही, वाळली की वर कडक पापडी धरते आणि अंकुराला बाहेर येऊ देत नाही, हे त्याला ठाऊक असतं. अकोला-अमरावतीकडचं मूल खारपाणपट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्याची चव सांगेल. त्याला सांगा: तुझ्या वावरातल्या मातीचं वर्णन असं लिही की मुंबईच्या मुलाने ती हातात न घेता ओळखली पाहिजे. आठ ओळी. शहरातल्या वर्गात हेच कुंडीतल्या मातीवर चालतं, पण तिथं मुलाकडे शब्द कमी पडतात. तेव्हा आधी माती भिजवून तिची वळी वळायला लावा. वळी तुटते की टिकते यावर बोलता येतं.

---

समास_सोडा:

बाकी सगळं ठीक, पण चिमटा सरांच्या एका मुद्द्याशी सहमत नाही. 'घेतली जाते', 'ओतले जाते'ला इतकं झोडपायचं कारण नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ते चालतं, गुण मिळतात, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये मुलाला एकट्याला लढायला पाठवायचं नसतं. दोन्ही प्रकारे लिहिता येणं ही खरी कमाई. म्हणून प्रयोगवही बोर्डाच्या पद्धतीने पूर्ण होऊ द्या, आणि स्वतःच्या लेखनाला १०० पानी वेगळी वही ठेवा. महिन्यातून एकदा एकच मजकूर दोन्ही पद्धतींनी लिहायला सांगा आणि खाली एक ओळ: 'बदलताना काय गाळावं लागलं?' ती ओळ सगळ्यांत आधी वाचा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणी दिलं नाही, म्हणून हिशोब मांडतो. एका तुकडीच्या सगळ्या वह्या एकदम घेऊ नका. हजेरी क्रमांकानुसार रोज दहा-अकरा, पाच दिवसांत ५२ होतात. एका वहीला दीड मिनिट, म्हणजे रोज पंधरा-सतरा मिनिटं. गुण नाहीत, 'छान' नाही, 'व्यवस्थित लिहा' नाही. एक प्रश्न आणि तारीख. पुढच्या लेखनाच्या आधी मुलाने त्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत द्यायचं, नाहीतर समासातले प्रश्न कोणी वाचत नाही. दोन विषयांचं लेखन एकाच आठवड्यात घेऊ नका, एका आड एक घ्या.

वेळ कुठून काढायचा? धडा संपल्यावर नव्हे. संपल्यावर लिहून घेतलं तर सारांशच येतो. धड्याच्या मध्ये, उत्तर अजून कळलेलं नसताना सात मिनिटं. घरी तर देऊच नका. घरून मोबाइलवरचं उत्तर येतं, किंवा मोठ्या बहिणीचं.

गुण द्यावेच लागत असतील तर आठवीला आकारिक मूल्यमापनात जागा काढता येते. पण मुलाने पाच-सहांतलं एक लेखन स्वतः निवडून द्यावं आणि तेच का, हे तीन ओळींत सांगावं. प्रत्येक लेखनाला गुण लावलेत की दोन महिन्यांत गाईड परत येतं.

---

खडूची_धूळ:

सगळ्यांचे आभार. उत्कलनांक आणि ७२ दोन्ही टिपून घेतलं. एक अडचण उरते. तुकडीत सहा-सात जण असे आहेत की सात मिनिटांत एक ओळ होत नाही. बोलतात व्यवस्थित. त्यांना 'मला आधी वाटलं होतं की… पण…' अशी सुरुवात फळ्यावर देऊ का?

---

वऱ्हाडी_ठेचा:

द्या, पण तीन आठवड्यांच्या वर नको. त्यानंतर ५२च्या ५२ वह्या 'मला आधी वाटलं होतं की'ने सुरू होतात आणि आपण एक गाईड घालवून दुसरं आणलेलं असतं. पुसायच्या आधी दोन-तीन वेगळ्या सुरुवाती मुलांकडूनच काढून घ्या.

त्या सहा-सात जणांसाठी आकृतीपासून सुरुवात करा. बीकरची किंवा शेताच्या बांधाची आकृती, तिला तीन बाण, प्रत्येक बाणाच्या टोकाला चार शब्द. मग शेजाऱ्याने विचारायचं, 'हा बाण इथंच का?' आणि आलेलं उत्तर शब्दाला शब्द लिहून घ्यायचं, स्वतःची भर घालायची नाही. लिहिलेलं वाक्य ज्याचं त्याने वाचून 'हेच म्हणालो' अशी सही करायची. भर घातली असेल तर तो सही करत नाही, खुशाल भांडतो. त्या भांडणात त्याला लिहून काढण्यासारखं दुसरं वाक्य मिळतं.

---

चिमटा_आणि_चंचुपात्र:

समास_सोडा, १०० पानी वहीचं मान्य. फक्त तिला कव्हर आणि लेबल लावायला लावू नका. कव्हर घातलं की मुलं परत सुवाच्य अक्षरात उतरवायला लागतात.